कार्बनच्या सायकलीस अॅल्युमिनियमचीं चाकें

आमच्या शाळेच्या फाटकालगतच्या छपरांत पूर्वीं एकाच घडणीच्या काळ्या, वजनदार सायकली ओळीनें उभ्या असत. हल्लीं त्या ओळींत मधूनमधून एखादी निराळी सायकल दिसूं लागली आहे. तिचें हँडल मेंढ्याच्या शिंगासारखें खालीं वळलेलें असतें, टायर दोन बोटांपेक्षां कमी रुंद असतो, आणि सातवींतल्या मुलानेंहि एका हातानें उचलावी इतकी ती हलकी असते. ही कार्बनची रोड सायकल होय. मधल्या सुटींत मुलें तिच्याभोवतीं गोळा होतात. पालक मात्र तिची किंमत ऐकून कपाळास हात लावितात.

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलाच्या मामानें आपली जुनी कार्बनची सायकल भाच्यास देऊन टाकिली होती. मामा ती कित्येक वर्षें घाटांतून फिरवीत असे. त्यामुळें फ्रेम सुस्थितींत असली तरी चाकें अगदीं संपलीं होतीं. मागच्या रिमेस स्पोकच्या भोंकाजवळ तडा गेला होता, व पुढच्या रिमेची कड ब्रेकनें घांसून आंत दबली होती. मुलाचे वडील एका पतपेढींत कारकून आहेत. ते संकोचानें म्हणाले, “सर, ह्याचें म्हणणें असें कीं, सायकल कार्बनची, तर चाकेंहि कार्बनचींच हवींत. त्या चाकांची किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी होते. त्याचा हट्ट चुकीचा आहे कीं माझी काटकसर चुकीची आहे, तेवढें तुम्ही सांगा.”

आम्ही स्वतः तीस वर्षें सायकल वापरीत आलों आहों, व शास्त्र हा आमचा शिकविण्याचा विषय आहे. तेव्हां उत्तर देण्यास आम्हांस वेळ लागला नाहीं. अॅल्युमिनियमचीं चांगलीं चाकें घ्या, मुलाचें कांहींएक अडणार नाहीं, असें आम्हीं सांगितलें. उत्तर बरोबर होतें, परंतु अपुरें होतें; आणि त्या अपुरेपणाची किंमत त्या गृहस्थांस मोजावी लागली. ती हकीगत योग्य ठिकाणीं येईलच. तें उत्तर पुरें करावें, आणि हाच प्रश्न ज्यांच्या घरीं उद्यां उभा राहील त्यांस त्याचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठीं हा लेख लिहीत आहों.

प्रथम कार्बनची सायकल म्हणजे काय तें पाहूं. कार्बनचे केसाहून कितीतरी बारीक असे तंतु काढून त्यांचें कापडासारखें पट्टे करितात. हे पट्टे राळेसारख्या एका चिकट द्रव्यांत भिजवून, साच्यांत थरावर थर रचून, उष्णता व दाब देऊन घट्ट करितात. तंतु ज्या दिशेनें लाविले त्या दिशेनें ओढ सोसण्याची त्यांची शक्ति फार मोठी असते. सायकलच्या फ्रेमवर कोणत्या बाजूनें किती भार येणार हें कारागिरास अगोदर ठाऊक असतें. म्हणून जेथें जोर हवा तेथें थर अधिक, व जेथें नको तेथें कमी, अशी योजना त्यास करितां येते. कार्बनची फ्रेम हलकी असूनहि बळकट असते, ती यामुळें.

चाकाची गोष्ट निराळी आहे. तें भार वाहतें, शिवाय रस्त्यांतील खड्ड्यांचा मारहि प्रथम त्यासच सोसावा लागतो. आणि ज्या सायकलीस रिमेवर दाबणारे ब्रेक असतात तिच्या चाकास ब्रेकचें कामहि करावें लागतें. हें शेवटचें काम केवढें मोठें आहे तें गणितानें पाहावें. समजा, स्वार व सायकल मिळून वजन ७० किलो आहे, व घाट उभ्या मापानें ५०० मीटर उतरावयाचा आहे. वाई व पांचगणी यांमधील पसरणीचा घाट याहून थोडा अधिकच आहे. वजन, गुरुत्वाकर्षण व उंची यांचा गुणाकार (७० × ९.८ × ५००) ३,४३,००० ज्यूल होतो. २० अंशांचें एक लिटर पाणी उकळीस आणावयास जवळजवळ एवढीच उष्णता लागते. यांतील बराच भाग वारा हिरावून नेतो हें खरें. परंतु वळणावळणावर वेग आवरावा लागतो, तेव्हां उरलेला भाग ब्रेकच्या रबरांवर व रिमेच्या कडेवर उतरतो.

अॅल्युमिनियम ही उष्णता झपाट्यानें पसरवितें व वाऱ्यांत सोडून देतें. कार्बनच्या रिमेंतील राळ मात्र उष्णता धरून ठेविते, आणि मर्यादेबाहेर तापल्यास मऊ पडते. चांगले निर्माते उष्णता सोसणाऱ्या राळा वापरितात. तरीहि लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवूं नये, अशी सूचना अशा चाकांबरोबर दिलेली असते. शिवाय पावसांत अॅल्युमिनियमच्या कडेवर ब्रेक जसा धरतो तसा कार्बनच्या कडेवर सहसा धरत नाहीं. ज्या सायकलींस डिस्क ब्रेक असतो त्यांची उष्णता डिस्कवर जाते, म्हणून हा आक्षेप त्यांस लागू नाहीं. परंतु खड्ड्याचा मार त्यांनाहि चुकत नाहीं. अॅल्युमिनियमची रिम आदळली तर बहुधा पोंचते, व लहानसा पोंचा काढतां येतो. कार्बनची रिम तडकते, आणि ती तड नेहमीं वरून दिसतेच असें नाहीं.

दुकानांतून ज्यांस ‘अॅलॉय’ चाकें म्हणतात तीं शुद्ध अॅल्युमिनियमचीं नसतात. शुद्ध अॅल्युमिनियम मऊ असतें. त्यांत मॅग्नेशियम, सिलिकॉन, तांबें अशांपैकीं इतर द्रव्यें थोड्या प्रमाणांत मिसळून मिश्रधातु करितात. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल यानें व फ्रान्समध्यें एरू यानें विजेच्या साह्यानें अॅल्युमिनियम काढण्याची रीति शोधून काढिली, तेव्हांपासून तें स्वस्त झालें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत आल्फ्रेड विल्म यानें तांबें मिसळून कठीण होणारा मिश्रधातु तयार केला, तोच ड्युराल्युमिन. १९३४ सालीं ‘तूर द फ्रान्स’ ही प्रख्यात शर्यत आंतोनें मान्य यानें जिंकली. त्याच्या चाकांच्या रिमा ड्युराल्युमिनच्या होत्या, पण त्या वेळीं तशा रिमांस परवानगी नसल्यामुळें त्या लांकडासारख्या रंगविल्या होत्या, अशी हकीगत सांगतात. ज्या धातूस एके काळीं लांकडाचें सोंग घ्यावें लागलें, त्यास आज कार्बनच्या शेजारीं उभें राहण्यास लाज वाटण्याचें कारण नाहीं.

आतां चाक भार कसा वाहतें तें समजून घेतलें पाहिजे, कारण चाकाची खरी किंमत त्यांतच आहे. बैलगाडीच्या चाकांत लांकडी आरे असतात. गाडीचा भार खालच्या आऱ्यावर खांबासारखा उभा राहतो. सायकलचा स्पोक दोन मिलिमीटर जाडीचा. तो खांबासारखा उभा केला तर तात्काळ वांकेल. म्हणून सगळे स्पोक अगोदरच सतारीच्या तारांप्रमाणें ताणून बसविलेले असतात. मागच्या चाकांत साखळीच्या बाजूच्या एकेका स्पोकवर १०० ते १२० किलोंइतका ताण असतो. भार पडला म्हणजे खालच्या स्पोकांचा ताण थोडा कमी होतो, आणि तेवढ्यानें भार पेलला जातो. ताण संपूर्ण नाहींसा होत नाहीं तोंवर चाक धड राहतें. तारेच्या ताणलेल्या स्पोकांचें चाक १८६९ सालीं पॅरिस येथें युजेन मेयर यानें पुढें आणिलें, आणि १८७४ सालीं इंग्लंडांत जेम्स स्टार्ली यानें स्पोक तिरपे बसविण्याची पद्धति काढिली. आजहि चाक त्याच तत्त्वावर चालतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. चाकाचें सामर्थ्य केवळ रिमेंत नाहीं, केवळ स्पोकांतहि नाहीं. तें ताणाच्या सारखेपणांत आहे. महाग रिम घाईनें ओवून दिली तर ती लवकरच आऊट होऊं लागते; साधी रिम जाणत्या मिस्त्रीनें सावकाश ताणून दिली तर ती वर्षानुवर्षें सरळ फिरते. याची परीक्षा कोणासहि करितां येते. चाकाच्या एका बाजूचे स्पोक नखानें एकामागून एक छेडावे. आवाज जवळजवळ एकाच सुराचा निघाला तर ताण सारखा आहे असें समजावें. एखादा स्पोक ठसठशीत वाजला व शेजारचा बोदा वाजला, तर तें चाक कितीहि झळकत असलें तरी तसेंच विकत घेऊं नये. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंची तुलना मात्र करूं नये. कॅसेटला जागा हवी म्हणून उजवीकडचे स्पोक अधिक उभे व अधिक ताणलेले असतात, आणि डावीकडचे त्या मानानें सैल असतात. मागचें चाक आधीं तक्रार करूं लागतें, त्याचें हेंहि एक कारण आहे.

“पण सर, वजनाचें काय?” असा प्रश्न त्या विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिला होता. प्रश्न रास्त आहे. त्याचेंहि उत्तर गणितानेंच द्यावें. कार्बनच्या व अॅल्युमिनियमच्या जोडींत ३०० ग्रॅमचा फरक धरूं. स्वार व सायकल मिळून ७० किलो, म्हणजे ७०,००० ग्रॅम. ३०० ग्रॅम हा त्याचा सुमारे २३३ वा भाग झाला. जो चढ चढावयास एक तास, म्हणजे ३,६०० सेकंद लागतात, त्यांत या हलकेपणानें फार तर १५ सेकंद वांचतील. घाटाच्या पायथ्याशीं बाटलींतलें पेलाभर पाणी ओतून टाकिलें असतां सायकलीवरचें ओझें जवळजवळ तेवढेंच कमी होतें. रिमेचें वजन फिरतें असल्यामुळें वेग वाढवितांना तें जवळजवळ दुप्पट भासतें हें खरें; परंतु एकसारख्या चालीनें चढतांना तो भेद उरत नाहीं. उंच कडांच्या कार्बन रिमा वारा अधिक चांगला कापतात, हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. जे शर्यतींत उतरतात, व ज्यांचा जयापजय कांहीं सेकंदांवर ठरतो, त्यांस त्याचा लाभ होतो. पंधरा वर्षांच्या मुलास प्रथम हवें असतें तें भरंवशाचें चाक.

येथवर जें सांगितलें तें आम्हीं त्या पितापुत्रांसहि सांगितलें होतें. पुढची गोष्ट, म्हणजे चाक आपल्या सायकलीस बसेल कीं नाहीं हें कसें पाहावें, ती मात्र आम्हीं अर्धीच सांगितली. ती येथें क्रमानें देतों.

पहिली गोष्ट ब्रेकची. रिमेवर दाबणाऱ्या ब्रेकसाठीं रिमेच्या दोन्ही कडा सपाट घांसलेल्या असतात. डिस्क ब्रेकच्या चाकास तशी कड नसते. त्याऐवजीं हबावर डिस्क बसविण्याची सोय असते. हीं दोन जातींचीं चाकें एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. डिस्कमध्येंहि दोन प्रकार आहेत. एक सहा स्क्रूंनीं बसणारा, दुसरा खांचांवर बसवून एकाच कड्यानें आवळण्याचा. आपल्या सायकलीचा प्रकार कोणता तें पाहूनच चाक घ्यावें.

दुसरी गोष्ट एक्सलची. रिम ब्रेकच्या रोड सायकलीस पुढें १०० व मागें १३० मिलिमीटर रुंदीचें हब लागतें, व तें खटक्याच्या दांडीनें आवळतात. डिस्कच्या नव्या रोड सायकलींत बहुधा पुढें १०० व मागें १४२ मिलिमीटर रुंदी असते, आणि १२ मिलिमीटर जाडीचा एक्सल आरपार जातो. जुन्या पोलादी सायकलीचे मागचे दांडे थोडे फांकवून रुंद हब बसविण्याची युक्ति कांहीं मिस्त्री करीत. कार्बनच्या फ्रेमवर ती कदापि करूं नये. पोलाद वांकतें, कार्बन चिरतो.

तिसरी गोष्ट फ्रीहबची, आणि हीच आम्ही सांगावयास विसरलों. मागच्या हबाच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यास फ्रीहब म्हणतात. शिमानोच्या रोड सायकलींत १० दांत्यांच्या कॅसेटसाठीं असलेल्या फ्रीहबापेक्षां ११ दांत्यांच्या कॅसेटचा फ्रीहब सुमारे १.८५ मिलिमीटर लांब असतो. येथें दांता म्हणजे कॅसेटमधील एक चक्र समजावें. लांब फ्रीहबावर मध्यें कडें घालून १० ची कॅसेट बसवितां येते. पण आंखूड फ्रीहबावर ११ ची रोड कॅसेट बसत नाहीं. शिमानोची १२ ची रोड कॅसेट ११ च्या फ्रीहबावर बसते. स्रॅमच्या १२ च्या पद्धतीचा फ्रीहब निराळा, व कांपान्योलोचा त्याहून निराळा.

त्या गृहस्थांनीं आमचें ऐकून मोठ्या उमेदीनें जवळच्या शहरांतून एक वापरलेली अॅल्युमिनियमची जोडी आणिली. रुंदी बरोबर १३० मिलिमीटर, रिमा जवळजवळ नव्या, किंमतहि परवडणारी. विकणारानें “कोणत्याहि रोड सायकलीस बसेल” अशी हमी दिली होती. घरीं येऊन पाहतात तों फ्रीहब १० चा, व मामाच्या सायकलीची कॅसेट ११ ची. शेवटचें चक्र फ्रीहबाच्या बाहेर लोंबकळूं लागलें. विकणारानें चाकें परत घेण्याचें साफ नाकारिलें. दुसऱ्या दिवशीं मुलगा वर्गांत मान खालीं घालून बसला होता. वडिलांनीं आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, पण दोष आमचा होता. दोन मिलिमीटरांहून कमी असलेली एक गोष्ट आम्हीं क्षुल्लक समजून वगळली, आणि एका कुटुंबाची कित्येक महिन्यांची शिल्लक अडकून पडली.

चौथी गोष्ट रुंदीची. टायरवर २५-६२२ असे आंकडे छापलेले असतात. त्यांतला ६२२ हा आंकडा, टायर रिमेवर जेथें बसतो तेथील व्यास मिलिमीटरांत सांगतो. रोड सायकलीस हाच लागतो. पहिला आंकडा टायरची रुंदी होय. रिमेची आंतली रुंदी पूर्वीं १३ ते १५ मिलिमीटर असे. आतां ती १७, १९ व २१ अशी वाढत चालली आहे. रिम रुंद झाली म्हणजे तोच टायर अधिक फुगतो व रुंद होतो. जुन्या कार्बनच्या फ्रेममध्यें त्यास जागा थोडी असते. टायर फ्रेमला घांसूं लागला तर चिकटलेली वाळू कानशीसारखें काम करिते, व कार्बनचे थर खाल्ले जातात. यास्तव रुंद रिम घेण्यापूर्वीं फ्रेम व टायर यांमधील मोकळी जागा मोजावी, व २५ चा टायर १७ च्या रिमेवर ही जोडी जुन्या फ्रेमला बहुधा सोईची पडते हें ध्यानांत ठेवावें. कांहीं नव्या रिमांस टायर धरणारी आंतली वळलेली कड नसते. त्यांत ५ बारपेक्षां, म्हणजे सुमारे ७२ पौंडांपेक्षां, अधिक हवा भरूं नये असा नियम आहे, व त्यांस मान्य असलेलेच टायर चालतात. अॅल्युमिनियमच्या बहुतेक रिमांस ती कड असते. ही निवड करणारास एक सोयच आहे.

पांचवी गोष्ट स्पोकांची. स्पोक जितके कमी तितकें चाक डौलदार दिसतें. कांपान्योलो कंपनीची झोंडा ही अॅल्युमिनियमची जोडी सुमारे १,५४० ग्रॅमची, पुढें १६ व मागें २१ स्पोकांची आहे. चाक उत्तम आहे यांत शंका नाहीं. शिमानोची आर. एस. १०० ही साधी जोडी सुमारे १,९०० ग्रॅमची भरते. परंतु थोडक्या स्पोकांच्या चाकांत एक स्पोक तुटला तर रिम एकदम इतकी आऊट होते कीं ती ब्रेकला अडकते. आणि खास घडणीचा स्पोक तालुक्याच्या गांवीं मिळत नाहीं. याउलट २८ किंवा ३२ साध्या, मान वांकविलेल्या स्पोकांच्या चाकाचा एखादा स्पोक तुटला तरी हळूहळू घरीं येतां येतें, व कोणताहि मिस्त्री तो बदलून आऊट काढून देतो. स्पोकांच्या टोकावरील निपलें पितळेचीं असावींत. अॅल्युमिनियमचीं निपलें कांहीं ग्रॅमांनीं हलकीं असतात, पण मुंबई, कोंकण व गोवा येथील खाऱ्या हवेंत तीं गंजून जागच्या जागीं अडकून बसतात, आणि मग आऊट काढावयास गेलें म्हणजे तुटतात.

सहावी गोष्ट बेअरिंगची. शिमानोच्या हबांत सुटे छर्रे वाटींत बसविलेले असतात. वर्षाकांठीं खोलून, पुसून, नवें ग्रीस घातलें तर ते फार काळ टिकतात. इतर पुष्कळ हबांत बंद बेअरिंगें असतात. तीं झिजलीं म्हणजे काढून नवीं घालावयाचीं. दोन्ही चांगलीं. एक्सल दोन बोटांत धरून फिरवावा. तो खरखर न करितां फिरला, व हालविला असतां खडखडला नाहीं, म्हणजे झालें.

वापरलेलें चाक घ्यावयाचें असल्यास रिमेच्या कडेवर फुटपट्टीची धार टेंकवून पाहावी. मधून उजेड दिसला तर कड आंत झिजली आहे. पुष्कळ रिमांच्या कडेवर झीज ओळखण्यासाठीं बारीक खांच किंवा टिंबाएवढा खळगा ठेविलेला असतो. तो नाहींसा झाला असेल तर रिम संपली. अशी रिम आंतल्या हवेच्या दाबानें उतारावरहि फुटूं शकते. प्रत्येक स्पोकच्या भोंकाभोंवतीं तड आहे काय, तेंहि उजेडांत धरून पाहावें. किंमत कितीहि कमी असली तरी या दोन दोषांपुढें ती कमी नाहीं.

आतां त्या अडकलेल्या जोडीचें काय झालें तें सांगतों. पुढच्या चाकास फ्रीहबाचा प्रश्नच नव्हता. तें जसेंच्या तसें बसलें. मागची रिम चांगली होती, व तिला ३२ भोंकें होतीं. तेव्हां ११ च्या फ्रीहबाचें, ३२ भोंकांचें एक साधें नवें हब मागवावें, त्या मापाचे नवे स्पोक व पितळी निपलें घ्यावींत, आणि रिम तीच ठेवावी, असा विचार ठरला. या वेळीं आम्हीं सगळीं मापें कागदावर लिहून दिलीं, व हब आल्यावर स्वतः मोजून पाहिलें. आमच्या गांवांतील एका वृद्ध मिस्त्रीनें मुलास शेजारीं बसवून दोन संध्याकाळीं तें चाक ओविलें. पहिल्या संध्याकाळीं मुलाचा प्रत्येक चवथा स्पोक चुकत होता. दुसऱ्या संध्याकाळीं स्पोक छेडून कोणता सैल आहे तें तो कानानें सांगूं लागला. सर्व खर्च मिळून, चुकीनें गेलेले पैसे धरूनहि, कार्बनच्या चाकांच्या किंमतीचा पांचवा हिस्सा झाला नाहीं. वांचलेल्या पैशांतून दोन चांगले टायर, नव्या ट्यूबा व ब्रेकचीं नवीं रबरें घेतलीं. हा खर्च वाजवी होता. कारण रस्त्याला चिकटतो तो टायर, आणि स्वस्त चाकावर चांगला टायर हा महाग चाकावरील वाईट टायरपेक्षां नेहमीं अधिक सुखाचा व सुरक्षित असतो.

चाक घेतलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. नवें ओविलेलें चाक १५० ते २०० किलोमीटर चालल्यावर एकदां मिस्त्रीकडे नेऊन ताण पाहून घ्यावा. हवा टायरवर व रिमेवर लिहिलेल्या मर्यादेच्या आंतच भरावी. साठ किलोंच्या स्वारास २५ च्या टायरमध्यें ८० पौंडांच्या आसपास हवा साधारणपणें पुरते, आणि खडबडीत रस्त्यावर थोडी कमीच बरी. पावसाळ्यांत घरीं आल्यावर रिमेच्या कडा ओल्या फडक्यानें पुसाव्या, व ब्रेकच्या रबरांत रुतलेले धातूचे चकचकीत कण टांचणीनें उकरून काढावे. नाहीं तर ते रिमेस खरवडतात. आणि सायकल कार्बनची असल्यामुळें तिच्यावरचा कोणताहि स्क्रू अंगच्या जोरानें आवळूं नये. किती आवळावयाचा तें माप पुष्कळदां त्याच्या शेजारींच लिहिलेलें असतें, व त्यासाठीं मापाचा पाना मिस्त्रीपाशीं मिळतो.

दिवाळीच्या सुटींत तो विद्यार्थी आपल्या वडिलांसह वाईस गेला, व पसरणीचा घाट चढून उतरला. वडील पायथ्याशीं उभे होते. परत आल्यावर ते आम्हांस म्हणाले, “सर, तो खालीं आला तेव्हां मीं आधीं चाकाला हात लावून पाहिलें. रिम चांगलीच तापली होती, पण चाक अगदीं सरळ फिरत होतें. मग मुलाकडे पाहिलें.” मुलगा शेजारींच उभा होता. त्यानें कार्बनच्या चाकांचें नांव काढिलें नाहीं. आपलें चाक उचलून त्यानें एक स्पोक छेडला, आणि “हा थोडा उतरला आहे, उद्यां मिस्त्रीकाकांकडे जातों,” एवढेंच म्हणाला.

आमच्या विद्यार्थ्यांस शेवटीं इतकेंच सांगणें आहे. चाक घ्यावयास जाण्यापूर्वीं एका कागदावर सहा गोष्टी लिहून न्याव्या: ब्रेक कोणता, एक्सल कोणता, फ्रीहब कोणता, रिम व टायर यांची रुंदी किती, स्पोक किती, बेअरिंग कसें. दुकानदार ज्याचें उत्तर देऊं शकत नाहीं, तें उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशांतच ठेवावे. आणि पालकांस विनंति अशी कीं, मुलाचा हट्ट ऐकून रागावण्यापूर्वीं त्याला तो कागद भरावयास सांगावा. कागद पुरा भरेपर्यंत हट्टाचें बहुधा ज्ञान झालेलें असतें.